फारोचा रथ, नोहाचं तारू आणि घटोत्कचाचा सांगाडा: व्हायरल फोटोंमागचं खरं-खोटं आणि त्यांचं मुंबईशी नातं

समुद्राच्या तळाशी वाळूत रुतलेलं सोनेरी चाक, आणि खाली ओळ: "मोशेचा पाठलाग करणाऱ्या फारोचा रथ सापडला." डोंगरउतारावर होडीच्या आकाराचा भलामोठा उंचवटा: "नोहाचं तारू मिळालं, शास्त्रज्ञ थक्क." राखेत आडवीतिडवी पडलेली दगडी माणसं: "सदोम नगरीवर देवाचा कोप झाला तो असा."

असे फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर, यूट्यूबच्या थंबनेलवर. काही साफ खोटे असतात. काहींमधला फोटो खरा असतो, पण नाव भलतंच लावलेलं असतं. काही तर कुणा चित्रकाराने चित्र म्हणूनच काढलेले असतात आणि फॉरवर्ड होता होता त्यांचा 'पुरावा' होतो. आणि हा विषय वाटतो तेवढा परका नाही. बायबलमधल्या एका राजाची दगडात कोरलेली प्रतिमा एकेकाळी मुंबईच्या गोदीत येऊन गेली आहे, आणि रोमन काळातल्या रांजणांचे तुकडे उरणसमोरच्या बेटावर मिळाले आहेत.

ती वस्तू आज कुठे आहे?

फोटो खरा की खोटा हे ठरवायला आधी एवढा एकच प्रश्न विचारून बघा. खऱ्या वस्तूला पत्ता असतो. कुठे सापडली, कोणत्या साली, कुणी काढली, आज कोणत्या संग्रहालयात आहे, हे सांगता येतं. तांबड्या समुद्रातल्या चाकाला असा पत्ताच नाही.

रथाच्या चाकांची गोष्ट पसरवली ती मुख्यतः रॉन वायट या अमेरिकन माणसाने. ते व्यवसायाने रुग्णांना भूल देणारे परिचारक होते, पुरातत्त्वाचं शिक्षण नव्हतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अकाबाच्या आखातात बुड्या मारून आपण रथांची चाकं पाहिली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलं एकही चाक कुठल्या संग्रहालयात नाही आणि कुठल्याही स्वतंत्र तज्ज्ञाने तपासलेलं नाही. पुढे २०१४ मध्ये एका संकेतस्थळाने 'तांबड्या समुद्रात फारोचं सैन्य सापडलं' अशी बातमी दिली आणि ती जगभर फिरली. ते संकेतस्थळ काल्पनिक, थट्टेच्या बातम्या देणारं होतं. वर्ल्ड न्यूज डेली रिपोर्ट हे त्याचं नाव. थट्टा मागे राहिली, बातमी पुढे गेली. आजही ती नव्या तारखेने येते.

नोहाच्या तारवाचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण तिथे फोटो खरा आहे. तुर्कस्तानच्या पूर्व भागात, अरारात पर्वताच्या दक्षिणेला दुरुपिनार नावाची जागा आहे. १९५९ मध्ये तुर्की सैन्यातले कॅप्टन इल्हान दुरुपिनार हवाई छायाचित्रं पाहत असताना त्यांना हा सुमारे दीडशे मीटर लांबीचा होडीसारखा आकार दिसला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात तो छापून आला आणि तिथून त्याला पाय फुटले. तिथे जाऊन पाहणी केलेल्या भूवैज्ञानिकांच्या मते ही नैसर्गिक रचना आहे. माती आणि खडकाचा लोट वाहून आला, आजूबाजूचा मऊ भाग झिजला आणि मधला आकार उरला. सह्याद्रीत नागफणी किंवा नवरा-नवरीचे सुळके पाहिलेल्यांना यात फार नवल वाटू नये. दगडाला माणसासारखा, फण्यासारखा, होडीसारखा आकार येतो. नाव आपण देतो.

एकच सांगाडा, तीन धर्मांचा पुरावा

एक फोटो मात्र वेळ काढून बघण्यासारखा आहे, कारण त्याने कुणालाच सोडलं नाही.

खोल खड्ड्यात प्रचंड मोठा मानवी सांगाडा आणि त्याच्या कवटीजवळ मुंगीएवढा दिसणारा माणूस. भारतात हा फोटो घटोत्कचाचा सांगाडा म्हणून फिरला. उत्तर भारतात उत्खनन झालं, लष्कराने परिसर ताब्यात घेतला, नॅशनल जिऑग्राफिकची टीम आली, असा सगळा मसाला सोबत होता. अरब देशांत हाच फोटो कुराणातल्या आद जमातीच्या माणसाचा म्हणून गेला, आणि जागा झाली सौदी अरेबियाचं वाळवंट. पाश्चिमात्य देशांत तो बायबलमधल्या महाकाय माणसांचा, गल्याथाच्या भाऊबंदांचा पुरावा ठरला. २००७ मध्ये मुंबईतून निघणाऱ्या एका मासिकानेही तो खरा मानून छापला आणि नंतर आपली फसगत झाल्याचं मान्य केलं.

प्रत्यक्षात ही २००२ मधली एका स्पर्धेतली कलाकृती होती. वर्थ-वन-थाउजंड या संकेतस्थळाने फोटो बदलून 'पुरातत्त्वातलं काहीतरी अजब' तयार करायची स्पर्धा ठेवली होती. 'आयर्नकाइट' हे टोपणनाव घेणाऱ्या कॅनडातल्या एका चित्रकाराने हा फोटो बनवला. मूळ फोटो न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या उत्खननाचा. तिथे कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी मॅस्टोडॉन या हत्तीच्या नामशेष नातलगाचे अवशेष काढले होते. खड्डा खरा, माणूस खरा, सांगाडा वरून चिकटवलेला. डिसेंबर २००७ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने स्वतःच हा सगळा खुलासा छापला. तरी फोटो थांबला नाही.

म्हणून 'आमच्या धर्मग्रंथातलं खरं निघालं' असा मजकूर आला की तोच फोटो दुसऱ्या धर्माच्या नावाने कुठे फिरतोय का, तेही शोधून बघावं. बहुतेक वेळा सापडतो.

मुंबईच्या गोदीत आलेला इस्राएलचा राजा

आता खऱ्या वस्तूकडे येऊ. १८४६ च्या डिसेंबरात आजच्या इराकमधल्या निमरूद इथे ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रज संशोधकाच्या मजुरांना एक काळा चुनखडीचा स्तंभ सापडला. उंची जेमतेम दोन मीटर, चार बाजू, प्रत्येक बाजूवर पाच याप्रमाणे वीस कोरीव चौकटी. निमरूद ही प्राचीन अश्शूर साम्राज्याची राजधानी. बायबल वाचणाऱ्यांना अश्शूर आणि निनवे ही नावं परिचयाची असतील.

हा स्तंभ लंडनला न्यायचा तर वाट कोणती? सुएझ कालवा अजून झालेला नव्हता, तो १८६९ मध्ये खुला झाला. त्यामुळे निमरूदचा माल फुगवलेल्या कातड्यांवर बांधलेल्या तराफ्यांवरून तैग्रीस नदीने बसऱ्याकडे, तिथून जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला असा जायचा. मुंबईत पेट्या परवानगीशिवाय उघडल्या गेल्या. आतली शिल्पं लोकांना पाहायला मांडली गेली, त्यांच्यावर व्याख्यानंही झाली. लेयार्ड यावर चांगलाच वैतागला होता. नंतर त्याने आपल्या लिखाणात याबद्दल तक्रार केली. पुढे १८४८ मध्ये मुंबईहून निघालेलं जहाज वादळात सापडलं, डोलकाठ्या गेल्या आणि ते कसंबसं सिलोनला पोचलं. म्हणजे हा स्तंभ समुद्राच्या तळाशी जाता जाता वाचला.

मुंबईकरांनी तो पाहिला तेव्हा त्यावर काय लिहिलंय हे जगात कुणालाच नीट वाचता येत नव्हतं. कीलाकृती लिपी अजून उलगडत होती. १८५१ मध्ये एडवर्ड हिंक्स या आयरिश धर्मगुरूने वरून दुसऱ्या ओळीतल्या एका चौकटीवरचं नाव वाचलं: येहू. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्यापुढे एक माणूस जमिनीला डोकं टेकून वाकला आहे, आणि वरचा मजकूर सांगतो की ही इस्राएलच्या येहूने दिलेली खंडणी. चांदी, सोनं, सोन्याची भांडी अशी यादीही आहे. खंडणीचं साल साधारण इ.स.पू. ८४१. बायबलमधल्या इस्राएलच्या एखाद्या राजाची त्याच्या हयातीत कोरलेली एवढी एकच प्रतिमा आजवर मिळाली आहे, असं अभ्यासक मानतात. वाकलेला माणूस स्वतः येहू की त्याचा दूत, यावर मात्र एकमत नाही.

याहून रंजक भाग पुढे आहे. स्तंभावर येहूला 'अम्रीचा मुलगा' म्हटलंय. बायबलप्रमाणे तो अम्रीचा मुलगा नव्हताच, उलट त्यानेच अम्रीच्या घराण्याचा नायनाट केला. अश्शूरच्या दरबाराला बहुधा 'अम्रीच्या देशाचा राजा' एवढंच म्हणायचं असावं. आणि बायबलमध्ये येहूची कहाणी दोन अध्याय चालते, पण त्याने अश्शूरला खंडणी दिल्याचा उल्लेख तिथे नाही. खरा पुरावा ग्रंथाला काही ठिकाणी दुजोरा देतो, काही ठिकाणी वेगळं सांगतो, काही ठिकाणी नवीनच काहीतरी पुढे आणतो. 'अक्षरन् अक्षर खरं निघालं' किंवा 'सगळं खोटं निघालं' असं फक्त फॉरवर्डमध्ये असतं. जाता जाता, याच स्तंभावर खंडणीत आलेला एक हत्ती आणि दोन मदारींचे उंटही आहेत. ते पाहून मुंबईतल्या बघ्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

स्तंभ आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण अश्शूरच्या राजवाड्यांमधले काही शिल्पपट मुंबईतच आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. निमरूदच्या दुसऱ्या अश्शूरनासिरपाल राजाच्या महालातला शिल्पपटही त्यांत आहे. तो राजा म्हणजे स्तंभावरच्या शल्मनेसरचा बाप. पनवेल किंवा वाशीहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरलं की तिथून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरचे दगड पाहता येतात.

त्या दगडांचं महत्त्व २०१५ नंतर वाढलं. त्या वर्षी आयसिसने निमरूदचा महाल स्फोटकांनी उडवला आणि त्याचा व्हिडिओ स्वतःच काढून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी सीरियातल्या पाल्मिरा इथलं बेल देवाचं मंदिर पाडलं गेलं, आणि त्या अवशेषांची आयुष्यभर देखभाल केलेले खालेद अल-असद या ८० वर्षं उलटलेल्या पुरातत्त्वज्ञांची हत्या झाली. हे व्हिडिओ जगभर शेअर झाले. करणाऱ्यांना तेच हवं होतं. पाडापाडी कॅमेऱ्यासाठीच होती.

खरा दगड दिसायला साधा असतो

येशूला क्रुसावर देण्याचा हुकूम करणारा रोमन अधिकारी पिलात याचं नाव कोरलेला एक दगड १९६१ मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या कैसरीया इथे इटालियन पुरातत्त्वज्ञांना मिळाला. रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्यांमध्ये तो पुन्हा वापरलेला होता. मूळ दगड आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे, कैसरीयात दिसते ती प्रतिकृती. तुटका, अर्धी अक्षरं गेलेला, मळकट दगड. पिलाताच्या हयातीतला, त्याचं नाव असलेला शिलालेख, म्हणून त्याची किंमत मोठी. पण तो कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात चमक नाही. सोन्याचं चाक मात्र लाखो मोबाइल फिरतं.

सदोम नव्हे, पाँपेई. आणि पाँपेईतून थेट तेर

सदोमची म्हणून फिरणारी ती दगडी माणसं इटलीतल्या पाँपेईची आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि शहर राखेखाली गेलं. राख घट्ट झाली, आतली शरीरं कुजून गेली आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून साचे काढायची पद्धत रूढ केली. म्हणजे आपण पाहतो ते दगड झालेलं माणूस नसून, माणूस होता त्या जागेचा प्लास्टरचा साचा आहे. आतली हाडं मात्र खरी.

त्याच पाँपेईत १९३८ मध्ये एका घरात हस्तिदंताची एक छोटी भारतीय मूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना सेविका. तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात, पण बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेलं हस्तिदंती काम दोन ठिकाणी मिळालं: धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन. तेरचं जुनं नाव तगर, आणि पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासवर्णनात तगर आणि कल्याण या दोन्हींचा उल्लेख आहे. तेरच्या शासकीय संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला संग्रह पाहायला मिळतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

नवी मुंबईकरांसाठी याहून जवळचं ठिकाण घारापुरी. लेणी सगळ्यांना माहीत आहेत. पण याच बेटावर दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांचे तुकडे मिळाले आहेत. भूमध्य समुद्राकाठचे लोक अशा रांजणांतून दारू आणि तेल जहाजांवर चढवत. त्यांना अँफोरा म्हणतात. न्हावा-शेव्याला कंटेनर उतरण्याच्या कितीतरी शतकं आधी इथे परदेशी माल उतरत होता, याचा हा पुरावा. फोटो काढला तर खापरीसारखाच दिसेल.

खऱ्या संबंधांच्या जोडीला ओढूनताणून आणलेले संबंधही असतात. शलमोन राजाला सोनं पुरवणारं बायबलमधलं ओफीर बंदर म्हणजे आपलं नालासोपारा, असं काही जुन्या अभ्यासकांनी सुचवलं. बायबलच्या ग्रीक भाषांतरात नाव 'सोफीर' असं येतं, त्यामुळे कल्पना सुचली. पण शलमोनाचा काळ इ.स.पू. दहावं शतक मानतात. सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. मधल्या सातशे वर्षांचं काय? ओफीरसाठी अरबस्तान आणि आफ्रिकेतल्या जागाही सुचवल्या गेल्या आहेत. तेव्हा सोपारा हे मोठं प्राचीन बंदर होतं एवढं बिनधास्त म्हणा, पुढचं सध्या अंदाजच समजा.

फोटो आला की काय बघायचं?

गूगल लेन्समध्ये टाकून सर्वात जुना फोटो कुठला ते शोधा. 'कालच सापडला' म्हणणारा फोटो दहा वर्षांपूर्वीचा निघाला की प्रश्न मिटला. उत्खननाच्या खऱ्या फोटोत वस्तूशेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी ठेवलेली असते, आकार कळावा म्हणून. ती नसली म्हणजे फोटो खोटाच असं नाही, पण 'शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला' असा दावा असेल तर ती शोधावी. एआयने बनवलेल्या चित्रात शिलालेख झूम करून बघा. अक्षरांसारखं काहीतरी दिसतं, पण ती कुठलीच लिपी नसते. खांब मोजा, चाकाचे आरे मोजा, एका ठिकाणी हिशेब चुकतोच. मात्र हे दोष दिवसेंदिवस कमी होत चाललेत, त्यामुळे शेवटी 'वस्तू कुठे आहे' याच प्रश्नावर यावं लागतं.

चित्र आणि पुरावा यांत फरक आहे

बायबलच्या कथांची बरीचशी व्हायरल चित्रं खरं तर जुनी पेंटिंग्ज असतात. ती खोटी नाहीत, फक्त पुरावा नाहीत. युरोपातल्या चित्रकारांनी येशूला आणि मरियेला आपल्याकडच्या कपड्यांत, आपल्याकडच्या घरांत रंगवलं. भारतातही तेच झालं. १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराला चित्रांनी सजवलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं, आणि मुघल चित्रकारांनी त्या कथा आपल्या शैलीत उतरवल्या.

साडीतल्या मरियेचं चित्र अधूनमधून 'हे बघा, आता नवीन काय सुरू केलंय' अशा रागाच्या मजकुरासह फिरतं. हे अजिबात नवीन नाही. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि आयुष्यभर बायबलच्या कथा भारतीय माणसांच्या रूपात रंगवत राहिले. त्यांच्यावर टीका झाली ती ख्रिस्ती समाजातूनही, कारण अनेकांना मरिया युरोपियनच हवी होती. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची बरीच चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत.

पनवेलपासून अलिबागपर्यंत: एलियाहूचा रथ

शेवटी एक असं चित्र, ज्याला वरची कुठलीच चाचणी लावायची गरज नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांत एक चित्र हमखास दिसतं: अग्निरथातून स्वर्गात जाणारा एलियाहू हानाबी. मराठी बायबलमधला एलीया संदेष्टा तो हाच. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा नव्या घरात गेल्यावर गोड पोहे, खोबरं आणि फळांचा 'मलिदा' करून त्याचं नाव घेतात. पनवेलमधलं बेथ एल सिनेगॉग १८४९ पासून उभं आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर काही खुणा आहेत. एलियाहूचा रथ इथे टेकून वर गेला, त्या या खुणा, अशी समाजाची श्रद्धा. जागेला 'एलियाहू हानाबीचा टापा' म्हणतात. बायबलमध्ये तो रथ यार्देन नदीकाठी येतो, कोकणात नाही, हे तिथे जाणाऱ्यांनाही ठाऊक असतं. कुणी तिथे उत्खनन झाल्याचं सांगत नाही, नासाचं नाव घेत नाही, 'दहा जणांना पाठवा' म्हणत नाही. लोक येतात, खडकाला हात लावतात, मलिदा वाटतात आणि घरी जातात.